वास्तुरेखन : उज्जैन आणि माळवा

वास्तुरेखन : इमारत बांधण्यापूर्वी, बांधताना आणि बांधून झाल्यावर काढलेल्या मापबद्ध आकृत्या व त्या काढण्याचे तंत्र. साइटवर या सगळ्यांना सरसकट ‘नकाशा’ म्हणतात. त्यांतले मुख्य प्रकार तीन : प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन, म्हणजे तलविन्यास, दर्शनचित्र आणि छेद. पाठ्यपुस्तके सुरुवात प्लॅनपासून करतात आणि छेदाला शेवटचे पान देतात. उज्जैन व आसपासच्या माळव्यातील पुरावा पाहता हा क्रम उलट लावायला हवा. इमारत कशी उभी राहणार, तिच्यात माणूस कसा वावरणार, ऊन-पाणी कुठवर येणार, हे छेदच सांगतो. किंबहुना प्लॅन हाही एक छेदच आहे : सिल लेव्हलच्या थोडे वर, साधारण सव्वा मीटरवर, इमारत आडवी कापली असे धरून वरून पाहिलेली आकृती.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा शिप्रेकाठच्या वेधशाळेत आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उभारली. तिच्या सम्राट यंत्राची, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाची, भिंत त्रिकोणी असून वरचा उतरता काठ पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. म्हणून क्षितिजाशी होणारा त्याचा कोन गावाच्या अक्षांशाइतकाच ठेवावा लागतो. उज्जैनला तो २३ अंश ११ कला, तर त्याच्याच जयपूरच्या वेधशाळेत जवळपास २७ अंश. प्लॅनमध्ये दोन्हीकडची भिंत म्हणजे दक्षिणोत्तर लांबट पट्टी. फरक उमटतो तो उभ्या छेदात. भिंतीच्या दोन्ही अंगांना असलेल्या चतुर्थांश वर्तुळाच्या कमानींची गोष्ट याहून नाजूक आहे. त्या विषुववृत्ताच्या पातळीत, म्हणजे आडव्या जमिनीशी सुमारे ६७ अंशांत कललेल्या आहेत. प्लॅनमध्ये त्या चपट्या दिसतात. दक्षिणोत्तर दिशेचे माप मूळच्या दोन-पंचमांशांपेक्षाही कमी भरते. त्या चपट्या वक्रावरून गवंड्याने तास-मिनिटांच्या खुणा आखल्या तर यंत्र वेळ चुकीची सांगेल. कमानीचा खरा आकार हवा असेल तर उतरत्या काठाच्या दिशेने बघणारी वेगळी आकृती काढावी लागते. नाडीवलय यंत्राच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीतल्या तबकडीच्या, दोन तोंडांपैकी उत्तरेकडच्या तोंडावर सहा महिने आणि दक्षिणेकडच्या तोंडावर सहा महिने ऊन का पडते, हेही छेदाशिवाय उमगत नाही. भित्तियंत्र तर याम्योत्तर पातळीत, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूतून जाणाऱ्या दक्षिणोत्तर पातळीत, उभे बांधलेले आहे. ती वास्तू म्हणजे चुन्या-विटांत उभा केलेला छेदच. विल्यम हंटर याने या यंत्रांचे वर्णन अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले, जी. आर. के याचा वेधशाळांवरील ग्रंथ १९१८ मध्ये आला, आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत वेधशाळेची दुरुस्ती झाली. पुढे गोविंद सदाशिव आपटे यांनी ती सांभाळली. पडलेली बाजू पुन्हा बांधता येते, कारण छेदाचा कोन आकाशाने ठरवून दिलेला आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, आपले जुने सूत्रधार, म्हणजे बांधकामाचे मुख्य कारागीर, आकृत्या काढतच नसत. सूत, गज, गुण्या आणि ओळंबा एवढ्यावर व पाठांतरावर त्यांचे काम चाले. हे पूर्णपणे खरे नाही. भोपाळजवळ भोजपूर येथे अकराव्या शतकातल्या अपुऱ्या शिवमंदिराभोवतीच्या खडकांवर रेघा कोरून काढलेली वास्तुरेखने आजही दिसतात. त्यांत तलविन्यास आहेत, खांब आहेत, शिखराची वक्ररेषा आहे, कलशसुद्धा आहे. मंदिराच्या मागे दगड वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतार अजून टिकून आहे. मंदिर परमार राजा भोज याचे मानतात. ते अपुरे का राहिले याबद्दल एकमत नाही. भोजाच्या नावावर असलेला समराङ्गणसूत्रधार हा ८३ अध्यायांचा ग्रंथ आणि ही रेखने यांचा एकत्र अभ्यास अॅडम हार्डी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. पाठांतर होतेच, पण शिखराचा बाक नुसत्या पाठांतराने ठरत नाही. तो कुठेतरी आखून पाहावा लागतो, आणि त्या काळी कागदाच्या जागी खडक होता.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. नगरपालिकेत मंजुरी मिळते ती प्लॅनवर : प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेत, नवे काम लाल, पाडायचे पिवळ्या रेघांत, चटईक्षेत्र मोजायचे तेही प्लॅनवरच. हे मान्य. परंतु मंजुरी म्हणजे बांधकाम नव्हे. जिन्याचे उदाहरण घ्या. तीन मीटर उंचीचा मजला चढायला १८ रायझर धरले तर प्रत्येकी सुमारे १६७ मिलिमीटर येतात. प्लॅनमध्ये या पायऱ्या म्हणजे समांतर रेघा आणि वर जाणारा एक बाण. बाराव्या पायरीवर डोके बीमला आपटणार की नाही, हे छेद काढल्याखेरीज कळत नाही. आणि स्लॅब पडल्यावर कळले तर तोडफोडीला पर्याय उरत नाही. घाटाचेही असेच. रामघाटासारख्या घाटाचा प्लॅन पाहावा तर रेघांच्या वहीचे पान. उन्हाळ्यातले पाणी कोणत्या पायरीला लागते, पुरात किती पायऱ्या बुडतात, म्हातारे माणूस स्नानाला कुठवर उतरू शकेल, ही सारी उत्तरे छेदात आहेत. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनला नव्या घाटांचे काम चालले आहे. तेथे या आकृतीचे मोल थेट माणसांच्या जिवाशी जोडलेले आहे.

दर्शनचित्र : बाहेरून दिसणारी बाजू; ग्राहकाला सर्वांत आवडणारी आकृती.

नळ व वीजजोडणीची रेखने : प्लॅनवर ठरावीक चिन्हांनी दाखवतात.

प्रमाण : साधारणतः प्लॅन, दर्शनचित्र व छेद १:१०० किंवा १:५०, तपशील १:२० पासून पूर्ण मापापर्यंत. इमारतींच्या रेखनासाठी आयएस ९६२ हे भारतीय मानक आहे. निळ्या छापाचे तंत्र जॉन हर्शेल याच्या १८४२ च्या शोधातून आले. नंतर अमोनिया प्रिंटने व मग संगणकाने त्याची जागा घेतली, तरी ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द टिकला.

मोजणी-रेखन : उभ्या वास्तूची मापे घेऊन काढलेल्या आकृत्या. या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. वेधशाळेचा छेद अक्षांशावरून पुन्हा मांडता येतो. घराचा येत नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवण्यापूर्वी उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. जुन्या शहरातील लाकडी खांब-तुळयांच्या घरांत मजल्यांची उंची, तुळईची जाडी, भिंतीतला जिना, चौकात उतरणारा उजेड हे सारे प्रत्येक घराचे स्वतःचे आहे. घर पाडले की ते कशावरूनही परत काढता येत नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि घरमालकांनी दुरुस्ती वा पाडकामाआधी अशा प्रत्येक घराचा निदान एक छेद, चौक आणि जिना दोन्ही कापणारा, मोजून काढून ठेवावा. त्याला लागतात एक टेप, एक ओळंबा आणि दोन माणसे.