खोडवा

खोडवा : ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांच्या डोळ्यांतून फुटणाऱ्या कोंबांवर घेतलेले पीक. बेणे लावून घेतलेल्या पहिल्या पिकास लागण, तर खोडव्याच्याही बुडख्यांवर पुढे राखलेल्या पिकास निडवा म्हणतात. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत, नीरा डाव्या कालव्यावर भिजणाऱ्या पट्ट्यात, पूर्वमशागत, बेणे आणि लावणीची मजुरी वाचत असल्याने खोडवा फुकटचे पीक समजला जातो. शेवटची गाडी कारखान्याकडे गेली की फडाकडे दुर्लक्ष होते, आणि उत्पादन घटते ते बव्हंशी यामुळेच.

खोडव्याचे खरे काम तोडणीनंतरच्या पंधरवड्यात उरकावे लागते. टोळीच्या कोयत्याने उंच राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटतात, कारण वरच्या डोळ्यांतून आलेला फुटवा बारीक व स्वतःच्या मुळांवाचून राहतो, तर जमिनीखालच्या डोळ्यातून आलेला जोमदार होतो. उसाची वाळलेली पाने, म्हणजे पाचट, हेक्टरी साडेसात ते दहा टन निघते. ते पेटवल्यास कोंबही भाजतात, म्हणून ते बुडख्यांवरून बाजूला ओढून सरीत पसरतात आणि त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणूसंवर्धक टाकतात. कालव्याचे उन्हाळी आवर्तन लांबते तेव्हा सरीतील हे आच्छादन ओल धरून ठेवते, हा त्याचा या भागातील मोठा उपयोग.

पाचट पसरल्यावर नांगर वा कुदळ चालवता येत नाही. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पहारीने खत देण्याची पद्धत शिफारशीत आणली. जमीन वाफशावर असताना, म्हणजे ओल असूनही चिखल नसताना, बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात खत सोडतात व मातीने बुजवतात. दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर राखतात. पहिली मात्रा १५ दिवसांच्या आत, तर दुसरी सरीच्या विरुद्ध बाजूस १३५ दिवसांनी देतात. जिथे बुडखे मेलेले असतात तिथे रोपे लावून नांग्या भरतात.

१५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा शक्यतो राखू नये, असे सांगितले जाते. उन्हाळ्यात फुटवे कमी येतात आणि खोडकिडीचा उपद्रव वाढतो. वेळेवर राखलेला खोडवा मात्र लागणीपेक्षा लवकर, सुमारे १२ महिन्यांत, पक्व होतो.