कोडक आणि ब्राउनी : जुन्या किमती कशा वाचाव्यात?

जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली अमेरिकेत पहिला कोडक कॅमेरा विक्रीस आणला तेव्हा त्याची किंमत २५ डॉलर होती. आजचे किती डॉलर, हा प्रश्न लगेच मनात येतो. किंमत निर्देशांकाच्या आधारे हिशेब केला तर उत्तर सुमारे ८०० डॉलर येते. म्हणजे एखाद्या चांगल्या मोबाइलची किंमत! पण येथेच फसगत होते. त्या काळी तेथील अकुशल मजुराला दहा तास राबून साधारण दीड डॉलर मिळत असे. कॅमेऱ्यासाठी त्याला सोळा-सतरा दिवसांची सगळी मजुरी द्यावी लागली असती, आणि तीही घरभाडे व जेवणखाण बाजूला ठेवून.

त्या २५ डॉलरमध्ये काय मिळे, तेही पाहिले पाहिजे. कॅमेऱ्यात १०० छायाचित्रांपुरती फिल्म भरलेली असे. ती संपली की ग्राहक कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवी. तेथे फिल्म धुऊन, चित्रे छापून, नवी फिल्म भरून तो परत येई. या कामाचे १० डॉलर. ग्राहक खरे तर अंधाऱ्या खोलीतील रसायनांपासून सुटका विकत घेत होता. मात्र ही सुटका दर वेळी मजुराच्या जवळजवळ आठवड्याच्या कमाईइतकी महाग होती. कोडक मध्यमवर्गाच्या सहलीत दिसला, मजुराच्या घरात नाही, याचे कारण या दुसऱ्या आकड्यातही आहे.

फेब्रुवारी १९०० मध्ये ब्राउनी आला, अवघ्या एका डॉलरला. भिंगाचा काही नवा शोध लागला म्हणून तो स्वस्त झाला नव्हता. पुठ्ठ्याची पेटी, एकच साधे भिंग, साधे शटर. नेम धरण्यासाठी वरच्या बाजूला नुसत्या तिरप्या रेषा. मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा कॅमेरा पहिल्याच वर्षी एक लाखाहून अधिक खपला. आता कॅमेरा दिवसभराच्या मजुरीपेक्षाही कमी पैशांत मिळत होता.

तरी ईस्टमन यांचे लक्ष पेटीपेक्षा फिल्मवर होते. सहा चित्रांच्या फिल्मला १५ सेंट पडत. सात फिल्म, म्हणजे ४२ चित्रे झाली की फिल्मचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपुढे जाई. धुणे आणि छापणे वेगळेच. म्हणून जुन्या जाहिरातीत कॅमेऱ्याची किंमत सापडली की तेवढ्यावर थांबू नये, फिल्मचा दरही शोधावा. दीड डॉलर रोज मिळवणाऱ्या मजुराला सहा चित्रांची एक फिल्म म्हणजे बरोबर एका तासाचे काम होते.