मुंगीला मुकादम नसतो

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या राहुरीच्या पेठेत नव्या वह्यांवर स्वस्तिक उमटते आणि 'शुभ-लाभ' ही दोन अक्षरे लिहिली जातात. पुढची पाने कोरी असतात. ती कशी भरतील हे पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून असते, तसेच वही लिहिणाराच्या स्वभावावरही असते. या स्वभावाविषयी एक फार जुना आणि फार व्यवहारी ग्रंथ आमच्या गावच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान् पिढ्या वाचला जातो. तो म्हणजे बायबलातील 'नीतिसूत्रे'.

परंपरा या पुस्तकाचा संबंध शलमोन राजाशी जोडते. मला मात्र त्याचे एकतीस अध्याय वाचताना नेहमी वाटते, की हे लिहिणारा राजवाड्यापेक्षा बाजारात अधिक हिंडला असावा. खोट्या तराजूचा त्याला मनस्वी तिटकारा. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलास, तर झोप घेऊ नकोस, आधी त्यातून मोकळा हो, असे तो बजावतो. आधी शेत तयार करावे, मग घर बांधावे, हा त्याचा क्रम. उसाचे पहिले पैसे हाती येताच माडी चढवायला निघणाऱ्या आमच्या बागाईतदाराने हा क्रम जरूर आठवावा! आळशाला तो मुंगीकडे धाडतो. मुंगीवर कोणी मुकादम नसतो, तरी ती सुगीत साठा करते. मला वाटते, उद्योजकाची सारी शिस्त या एका गोष्टीत आली. नोकराला वेळेवर उठवायला धनी असतो. धन्याला कोण उठवणार?

ही शिकवण मराठी मुलखात आली ती छापखान्याच्या वाटेने. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले. १८३१ साली मिशन अहमदनगरला आले आणि पुढे तेथून राहुरीला पोचले. पण मुंबईच्या त्या छापखान्याची गंमत पाहा. त्याने छापली ख्रिस्ती पुस्तके, आणि त्यातून निघाले आपल्या पंचांगांचे व पोथ्यांचे मुद्रक!

गणपत कृष्णाजी हे तेथले कामगार. त्यांनी तेथे छपाई पाहिली, हाताने यंत्र उभारले, शाई घरी केली आणि १८३१ साली शिळाछापाचे मराठी पंचांग काढले. पोथ्यांना विटाळ नको म्हणून ते तुपाची शाई वापरीत, असे सांगतात. पुढे जावजी दादाजी आले. त्यांचा जन्म १८३९चा. घरची गरिबी. लहानपणीच दोन रुपये महिन्यावर ते या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली खिळे घासू लागले. खिळा घासणे म्हणजे काय मोठे काम! पण खिळ्याला किंचित कंगोरा राहिला तर सारी ओळ वाकडी येते. पुढे दुसऱ्या छापखान्यांत नोकऱ्या करून जावजींनी १८६४ साली स्वतःचा खिळे पाडण्याचा छोटा कारखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी मित्र सोबतीला होता. १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना उभा राहिला. त्याच्या शुद्ध संस्कृत ग्रंथांनी काशीपर्यंतचे पंडित तृप्त झाले. या दोघांनी मिशनचा धर्म घेतला नाही, कामाची शिस्त मात्र घेतली. धनी पाहत नसतानाही खिळा सरळच घासायचा, ही मुंगीची विद्या कोणत्या एका धर्माची थोडीच आहे?

आता राहुरीकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे काही काळ येथे वास्तव्य होते. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊकच आहे, की टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. दिसेल त्या गरजवंताला ते देऊन मोकळे होत. संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंनी करायची! नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय अशाच एका गृहिणीचा आहे. ती सूत कातते, व्यापाऱ्याला माल विकते, स्वतःच्या मिळकतीतून शेत घेऊन मळा लावते, आणि गरिबालाही देते. पुरुषांना इतका उपदेश करून ग्रंथकाराने यशाचे चित्र काढले ते एका स्त्रीचे, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

येथे एक शंका येते. जो दरिद्री तो आळशीच, असे का समजायचे? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातली जी घरे उजाड झाली, ती काय आळसाने? मुळीच नाही. आणि हे त्या पुस्तकालाही ठाऊक आहे. गरिबाच्या रानात पुष्कळ पिकते, पण अन्यायाने ते ओढून नेले जाते, असा त्याचा स्पष्ट आशय एके ठिकाणी आहे. तेव्हा शिस्तीचा हा उपदेश दुसऱ्याच्या दारिद्र्यावर निवाडा देण्यासाठी नाही. तो स्वतःच्या तराजूसाठी आहे. मजुराला उपदेश करण्याआधी धन्याने आपले माप तपासावे, मजुरी वेळेवर द्यावी आणि मग मुंगीचे नाव घ्यावे.

त्या गृहिणीचा दिवा रात्री मालवत नाही, असेही तो अध्याय सांगतो. दिवाळीच्या पणत्या चार दिवसांच्या. हा दिवा बारमाही आहे, आणि त्यात तेल ज्याचे त्यानेच घालायचे असते.