धाराशिवची लेणी आणि आमची मुले

लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा आणि वेरूळ. मराठवाड्यातल्या माणसालासुद्धा आपल्या जिल्ह्यातल्या लेण्यांची ओळख सहसा नसते. धाराशिव शहरापासून दीडदोन कोसांवर, बालाघाटाच्या डोंगरात, सात लेण्यांचा एक समूह आहे. काळ साधारण पाचव्या ते सातव्या शतकाचा. सास्तूरची पोरे घेऊन मी तिथे गेलो, तो वर्गातला कंटाळवाणा इतिहास त्यांच्या हाताला लागावा म्हणून.

दुसरे लेणे सर्वांत मोठे. त्याचा मंडप सुमारे ऐंशी फूट लांबरुंद. मुले धावत आत शिरली. एक मुलगी मात्र बाहेरच थबकली. "आजी म्हणते, दगडाच्या छताखाली थांबायचं नाही, सर."

तिच्या आजीचे चुकते असे कोण म्हणेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला, किल्लारी आणि सास्तूरच्या टापूत भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद. ती घरेच निजलेल्या माणसांवर कोसळली. ही मुले त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली, पण भीती वारशाने येते.

मी तिला म्हटले, "बाळ, हे कुणी बांधलेलंच नाही." लेणे म्हणजे डोंगरातून नको तेवढा दगड काढून टाकणे. छतापासून आरंभ करून कारागीर खाली उतरत जातात, म्हणून परांचीची गरज फारशी पडत नाही. इथे दगडावर दगड नाही, मधे माती नाही. अर्थात लेणी अमर असतात असे मी तिला सांगितले नाही; पडझड समोरच दिसत होती. थोड्या वेळाने ती आत आली, आणि पहिल्याने तिने खांबाला हात लावून पाहिला.

लेणी कुणाची, हा वाद जुना आहे. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची पाहणी केली आणि ती जैन मानली. पुढे काही अभ्यासकांनी दाखवले की दुसऱ्या लेण्याचा आराखडा अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळतो. तेव्हा लेणी मुळात बौद्ध, मागाहून जैन झाली असावीत. मला हे मत पटते. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरच्या लेण्यांची कथा आहे. मूर्तीवरची एक गाठ राजा करकंड फोडायला लावतो; म्हातारा शिल्पी नको म्हणतो, राजा ऐकत नाही, आणि आतून पाण्याचा लोंढा येऊन सारे लेणे भरून जाते. पोरांना ही गोष्ट सर्वांत आवडली!

तेरापूर म्हणजे आपले तेर, ग्रीक खलाशांच्या वर्णनातले तगर. तिथला माल गाड्यांवरून भडोचला जाई. तेरच्या काठची तेरणाच पुढे आमच्या लोहारा तालुक्यात येते, हे सांगताच मुलांचे चेहरे खुलले. परतताना गाडीत वाद रंगला होता, तो शिल्पी खरा शहाणा की राजा.