गिरण्या मुंबईतच का? रत्नागिरीत का नाही?

माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. लहानपणी मला प्रश्न पडायचा, समुद्र तर रत्नागिरीलाही आहे, मग गिरण्या मुंबईतच का? घरातलं उत्तर ठरलेलं असायचं, "कोकणात काय ठेवलंय?" आज हे उत्तर जरा तपासून बघूया.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं. १८५६ मध्ये ती सुरू झाली. गंमत म्हणजे मुंबईत कोळशाची खाण नव्हती आणि कापसाचं शेतही नव्हतं. यंत्रं इंग्लंडहून आली, कोळसाही जहाजाने तिकडूनच यायचा. मग मुंबईकडे होतं तरी काय?

एक, पैसा. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून इथल्या पारशी, गुजराती व्यापाऱ्यांकडे भांडवल जमलं होतं. त्यात १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपल्यावर बरेच जण बुडाले, पण उरलेल्यांचा पैसा पुढे गिरण्यांत आला.

दोन, रेल्वे. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी वर चढली. खानदेश-वऱ्हाडचा कापूस थेट बंदरात यायला लागला. रत्नागिरीच्या पाठीशीही तोच सह्याद्री होता, पण तिथे रूळ पडले नाहीत. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं!

तीन, माणसं. आणि इथे आमचं कोकण येतं. १९११ च्या जनगणनेत मुंबईतले जवळपास निम्मे गिरणी कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भागही त्यातच होता. माणूस मुंबईत राबायचा, गावची शेती बायका बघायच्या. आजारपण, म्हातारपण, संपाचे दिवस, सगळं गावाच्या जिवावर निघायचं. त्यामुळेच मालकांना पगार कमी ठेवणं जमलं.

म्हणजे मुंबईच्या भरभराटीचा अर्धा खर्च कोकणातल्या घरांनी उचलला, असं मला वाटतं. आता घरी कुणी "कोकणात काय ठेवलंय" म्हटलं, की मी आजीचं नाव घेतो. तिने चाळीस वर्षं एकटीने भात लावला.

तुमच्या घरातलं कोण गिरणीत होतं? आजच विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!