स्नो बाइकच्या पुढील फोर्कमधील हवेचे साहाय्य : एका दुय्यम तंत्राचा इतिहास

प्रास्ताविक

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे लेखन बहुधा शोधकाचे नाव, शोधाचे वर्ष आणि पेटंट यांच्याभोवती फिरते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात या प्रवृत्तीवर आक्षेप घेतला. शोधाच्या इतिहासाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वापराचा इतिहास महत्त्वाचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रस्तुत निबंधात या भूमिकेची पडताळणी एका लहानशा उदाहरणाच्या आधारे केली आहे. ते उदाहरण म्हणजे स्नो बाइकच्या पुढील फोर्कला जोडली जाणारी हवेची साहाय्यक योजना.

स्नो बाइक म्हणजे बर्फावर चालण्यासाठी रूपांतरित केलेली मोटारसायकल होय. तिचे पुढील चाक काढून तेथे एक स्की बसवतात आणि मागील चाकाच्या जागी फिरता रबरी पट्टा जोडतात. इंजिन, सांगाडा व पुढील फोर्क मात्र मूळचेच राहतात. उन्हाळ्यात चाके पुन्हा चढवली की तीच गाडी मातीवर धावू लागते. एकाच यंत्राच्या या ऋतुपरत्वे दुहेरी आयुष्यात प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

पार्श्वभूमी : बर्फावरील वाहतूक

बर्फावरील यांत्रिक वाहतुकीचा उगम क्रीडेत नसून निकडीत आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट येथील जोसेफ-आर्मंड बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात मरण पावला. बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. बोंबार्डिए यांना १९३७ मध्ये दातेरी चाक व पट्टा यांच्या योजनेचे पेटंट मिळाले, आणि १९५९ मध्ये त्यांचे 'स्की-डू' हे हलके वाहन बाजारात आले. एक स्की व एक पट्टा असलेले दुचाकीसदृश वाहन क्रायस्लर कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'स्नो-रनर' या नावाने आणले होते. परंतु ते फार काळ टिकले नाही. मोटारसायकलला जोडायच्या संचांना खरी चालना एकविसाव्या शतकात मिळाली. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील सँडपॉइंट येथील टिंबरस्लेड ही कंपनी त्यांत अग्रेसर होती. २०१५ मध्ये पोलारिस कंपनीने ती विकत घेतली, आणि २०१७ मध्ये ॲस्पेन येथील एक्स गेम्समध्ये स्नो बाइकच्या शर्यतीचा प्रथमच समावेश झाला.

हवेची स्प्रिंग : तत्त्व आणि आरंभ

हवेचा स्प्रिंगसारखा उपयोग रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमावर आधारलेला आहे. तापमान स्थिर असता बंद हवेचे आकारमान निम्मे केले की तिचा दाब दुप्पट होतो. पोलादी स्प्रिंग साधारणतः प्रत्येक सेंटिमीटरला सारखाच वाढीव विरोध करते. हवा मात्र आरंभी मऊ राहते आणि दबत जाईल तशी झपाट्याने कठीण होते. फोर्क पूर्ण दबून तळाला आदळण्याच्या बेतात असताना हा गुण विशेष उपयोगी पडतो.

दुचाकीच्या संदर्भात हवेचा पहिला यशस्वी उपयोग टायरमध्ये झाला. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते, तर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये तो बेलफास्ट येथे व्यवहारात आणला. सायकलींवरील प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक आर्चिबाल्ड शार्प यांच्या रचनेनुसार १९१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'एएसएल' या नावाच्या मोटारसायकली तयार झाल्या. त्यांचे सस्पेन्शनच हवेवर आधारलेले होते. ही कल्पना त्या वेळी रुजली नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये तेलाने नियंत्रित होणारा दुर्बिणीसारखा सरकता फोर्क आणला. आत पोलादी स्प्रिंग व तेल असणारी हीच रचना पुढे सर्वमान्य झाली.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. या फोर्कच्या नळीत तेलाच्या वर हवेची पोकळी असतेच. फोर्क दबला की तीही दबते. म्हणजे हवा फोर्कमध्ये नव्याने आली नाही. ती आरंभापासून तेथे होती, फक्त तिच्याकडे सोबतीण म्हणून कोणी पाहिले नव्हते.

आगमन, माघार आणि पुनरागमन

१९७० च्या दशकात मोटोक्रॉस शर्यतींतील उड्या लांबल्या आणि सस्पेन्शनची हालचाल वाढवावी लागली. या काळात हवेकडे पुन्हा लक्ष गेले. बॉब फॉक्स यांनी विकसित केलेला मागील हवेचा शॉकॲब्सॉर्बर वापरून केंट हॉवर्टन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेची ५०० सीसी गटातील राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली. पुढील फोर्कच्या टोपणाला झडप बसवून आतील हवेचा दाब वाढवण्याची पद्धतही याच दशकात रूढ झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांत होंडाच्या १९८० च्या जीएल ११०० गोल्ड विंगने पुढे व मागे हवेचे साहाय्य दिले. एकटा चालक आणि सहप्रवासी व सामानासह चालक, या दोन भारांना एकच स्प्रिंग पुरेशी नव्हती, हे त्यामागील कारण होय.

पुढे रस्त्यावरील गाड्यांत ही पद्धत मागे पडली. परंतु ती अन्यत्र प्रकटली. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा १९८९ चा 'आरएस-१' हा माउंटन बाइकचा फोर्क हवा व तेल यांवर चालत होता. १९९० मध्ये अमेरिकेतील ड्युरँगो येथील जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी त्यावर उतारशर्यत जिंकली. मोटोक्रॉसमध्ये २०१३ च्या होंडा सीआरएफ ४५० आर व कावासाकी केएक्स ४५० एफ या गाड्यांत पोलादी स्प्रिंग पूर्णपणे वगळून केवळ हवेवरचा फोर्क आला. मात्र होंडाने २०१७ च्या आणि कावासाकीने २०१९ च्या मॉडेलमध्ये पुन्हा पोलादी स्प्रिंग स्वीकारली. केटीएमने मात्र आपल्या मोटोक्रॉस गाड्यांत डब्ल्यूपी कंपनीचा हवेचा फोर्क कायम ठेवला. चाकण येथे तयार होणाऱ्या ड्यूक गाड्यांमुळे हे नाव महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनाही परिचित आहे. त्या गाड्यांचा फोर्क अर्थात पोलादी स्प्रिंगचा आहे.

या क्रमावरून असे दिसते की, हवेचा इतिहास सरळ रेषेतील प्रगतीचा नाही. ती प्रत्येक वेळी वजनाची बचत व सुलभ समायोजन यांसाठी आली. आणि घर्षण, तापमान व गळती यांमुळे तिला अनेकदा मागे हटावे लागले.

स्नो बाइकची विशेष गरज

चाकाऐवजी स्की बसवताना केवळ चाक जात नाही, तर टायरही जातो. सुमारे १२ ते १४ पौंड दाबाचा मोटोक्रॉस टायर ही स्वतःच एक हवेची स्प्रिंग असते. ती नाहीशी झाली की गोठलेल्या बर्फाचा प्रत्येक धक्का थेट फोर्कवर येतो. शिवाय संचामुळे गाडीचे एकूण वजन वाढते. परिणामी मातीसाठी निवडलेली स्प्रिंग बर्फावर अपुरी पडते. कठीण स्प्रिंग घालावी, तर फोर्क खोलणे, तेल बदलणे आणि उन्हाळ्यात हे सर्व उलट करणे भाग पडते. साहाय्यक योजनेत मूळ स्प्रिंग तशीच राहते. टोपणातील झडपेतून हातपंपाने हवा भरली की फोर्क कठीण होतो, सोडली की पूर्ववत होतो. टायर काढल्यामुळे गेलेली हवा एका अर्थी फोर्कमध्ये परत येते.

मात्र थंडी व उंची यांचा हिशेब ठेवावा लागतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या उबदार गॅरेजमध्ये दर चौरस इंचास १० पौंड हवा भरली, तर बाहेरील १४.७ पौंड धरून एकूण दाब २४.७ पौंड होतो. उणे २० अंशांत तो सुमारे २१.३ पौंडांवर येतो, म्हणजे मापकावर जेमतेम ६.६ पौंड उरतात. तीच गाडी तेवढ्याच थंडीत २,५०० मीटर उंचीवर नेली, तर तेथील बाहेरचा दाब सुमारे १०.८ पौंडच असल्याने मापक १०.५ पौंड दाखवील. पायथा व माथा यांतील हा फरक सुमारे ४ पौंडांचा आहे. म्हणून दाब गॅरेजमध्ये न मोजता, गाडी थंड झाल्यावर प्रत्यक्ष जागी मोजणे इष्ट ठरते.

याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. केवळ हवेवरच्या फोर्कचे सील फुटले, तर गाडीचा पुढील भाग खाली बसतो. रस्त्यापासून कित्येक किलोमीटर दूर, खोल बर्फात ही घटना जिवावर बेतू शकते. साहाय्यक योजनेत हवा गेली तरी पोलादी स्प्रिंग भार पेलते. गाडी मऊ होते, पण परत येते.

निष्कर्ष

१. फोर्कमधील हवेचे साहाय्य हा एखाद्या एका शोधकाचा शोध नसून, बदलत्या भाराच्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिले गेलेले एकच उत्तर आहे.

२. गोल्ड विंगमधील सहप्रवासी आणि स्नो बाइकमधील ऋतू हे या दृष्टीने समान प्रश्न ठरतात.

३. हवेने पोलादाची जागा पूर्णपणे घेण्याचा प्रयत्न केला तेव्हा तिचे यश अस्थिर राहिले; पोलादाच्या सोबतीला राहिली तेव्हा तिचे दोष सुसह्य झाले.

जुने जाऊन नवे येते, ही तंत्रेतिहासाची रूढ मांडणी येथे अपुरी पडते. जुन्याच्या आधारानेच नवे उपयोगी ठरते, आणि तो आधार किती ठेवावा याचा निर्णय पुष्कळदा कारखान्यात न होता वापरणाऱ्याच्या गॅरेजमध्ये होतो. आपल्या परिसरातील यंत्रांचा इतिहास अभ्यासतानाही पेटंटच्या नोंदींइतकेच महत्त्व दुरुस्तीच्या दुकानांतील अशा फेरफारांना देणे आवश्यक आहे.