शिक्षा भोगल्यावरही दोषीच?

"सर, डोपिंगमध्ये सापडलेल्याला परत खेळू द्यावं का?" धामणगाव रेल्वेच्या माझ्या वर्गात हा प्रश्न आला की मी नरसिंग यादवचा इतिहास सांगतो.

मुंबईचा हा मल्ल २०११ ते २०१३ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ मध्ये लास व्हेगासला जागतिक कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिम्पिकची जागा आणली. २०१६ च्या जुलैत तो मेथँडिएनोन या स्टेरॉइडसाठी दोषी आढळला. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी औषध मिसळलं, असं त्याचं म्हणणं. 'नाडा'ने ते मानलं. जागतिक संस्था 'वाडा' अपिलात गेली आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली.

ऑलिम्पिक गेलं, उमेदीची वर्षं गेली. बंदी संपल्यावर २०२० मध्येच तो बेलग्रेडच्या विश्वचषकात उतरला. माझ्या मते ही मेहेरबानी नव्हती, त्याचा हक्क होता. प्रामाणिकपणे खेळून हरलेल्यावर अन्याय होऊ नये, म्हणून शिक्षा कडक हवी. पण ती पूर्ण भोगलेल्याला जन्मभर दोषी म्हणणं, ही कोणत्याही लवादाने न दिलेली दुसरी शिक्षा आहे. ती देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?